पायाळू लेकीचा खुबा

पत्राचा गोषवारा : बीड जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी वीस महिन्यांची, पहिलीच. पोटात पायाळू होती म्हणून सिझेरियन झालं. पंधराव्या महिन्यात चालायला लागली, पण डाव्या पायावर झुकत. नवं नवं चालणं आहे, सुधारेल, असं घरच्यांना वाटलं. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंनी हटकलं, एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की डाव्या खुब्याचा सांधा जागेवरच नाही. शहरातल्या लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. सांधा उघडून गोळा वाटीत बसवायचा, गरज पडली तर वाटीवरचं हाड कापून वळवायचं, मग छातीपासून पायापर्यंत प्लास्टर. वडिलांनी विचारलं, "वीस वर्षांनी ही नीट चालेल याची गॅरंटी देता का?" डॉक्टर म्हणाले, "गॅरंटी देता येत नाही." तिथपासून सगळं अडलं आहे. वडिलांचं म्हणणं, गॅरंटी नसेल तर एवढ्याशा लेकराला कापायचं कशाला, पाच वर्षांची झाली की बघू. आजीला हाडवैद्याकडे न्यायचंय, आणि नातीच्या लग्नाचा घोर लागलाय. आईनं मोबाइलवर पट्ट्यांच्या उपचाराबद्दल वाचलंय, तो का नाही असं ती विचारते. झोळीत टाकलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं म्हणून हे झालं, असंही तिच्या मनानं घेतलंय. पत्राची शेवटची ओळ अशी : "तिला कडेवर घेऊ नको असं सगळे सांगतात. घेऊ का नको?"

ताई,

डॉक्टरांनी गॅरंटी दिली नाही हे वाचून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. वीस महिन्यांच्या लेकराच्या खुब्याची वीस वर्षांची हमी देणारा कुणी भेटला असता, तर तिथून उठून या असं मी सांगितलं असतं. पण तुमच्या घरात "गॅरंटी नाही" याचा अर्थ "काहीच सांगता येत नाही" असा घेतला गेला, आणि तिथं गाडी अडली. सांगता पुष्कळ येतं. ते एका दिवसात आणि एका एक्स-रेवरून येत नाही, टप्प्याटप्प्यानं कळत जातं. कोणत्या टप्प्यावर काय कळतं, हे तुमच्या यजमानांना समजलं तर त्यांचा प्रश्न बदलेल असं मला वाटतं.

आधी तो सांधा डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि नाव अगदी नेमकं आहे. कमरेच्या हाडात एक वाटी असते, मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं, आणि गोळा त्या वाटीत फिरतो. घरी जुनं दगडी उखळ असेल तर त्याचा तळ हातानं चाचपून बघा. वर्षानुवर्षं मुसळ पडून पडून तो खोल आणि गुळगुळीत झालेला असतो. लहान मुलाच्या खुब्याची वाटी तशीच घडते. जन्मतः ती उथळ असते, बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, आणि गोळा तिच्यात बसून हलत राहिला की त्याच्याभोवती खोल होत जाते. तुमच्या लेकीचा गोळा वाटीबाहेर, वरच्या बाजूला सरकलाय. रिकामी वाटी उथळच राहते, तिच्यात चरबी साठते, भोवतीचे स्नायू आखडतात, आणि गोळ्याचा गोलपणाही हळूहळू जातो.

हे सगळं कळ न लागता होतं. म्हणून "तिला दुखत नाही, ती तर पळते" यावर विसंबू नका. या वयात हा आजार दुखतच नाही. दुखणं मोठेपणी येतं. सांधा अर्धवट सरकलेला राहिला तर त्याची झीज लवकर होते. पूर्ण निखळलेल्या सांध्यावर काही माणसं बरीच वर्षं फारसं न दुखता काढतात, हेही खरं आहे. पण निखळलेला सांधा एकाच बाजूचा असेल तर पाय तोकडा पडतो, लंगडणं राहतं, गुडघ्यावर आणि कमरेवर ताण येत राहतो. म्हणजे तुमच्या यजमानांना हवी ती पक्की खात्री फक्त एका बाजूनं मिळते : बाहेर राहिलेला गोळा वाटी घडवणार नाही.

आता तुमच्या मनातला सल. तुमची मुलगी आहे, पहिली आहे, पायाळू होती, आणि सांधा डावा आहे. या आजाराबद्दल पहिल्या वर्गात जे शिकवतात ते सगळं तिच्यात एकत्र आलंय. मुलींमध्ये हा मुलांपेक्षा चौपटीहून जास्त दिसतो. पहिलटकरणीच्या पोटात जागा कमी असते. पायाळू बाळाचे पाय पोटात चुकीच्या तऱ्हेनं दुमडून राहतात, मग प्रसूती सिझेरियननं होवो की कशी. डावी बाजू जास्त, कारण पोटात बाळाचा डावा खुबा बहुधा आईच्या मणक्याकडे दाबलेला असतो. यातलं काय तुम्ही केलंत?

आपल्याकडे पायाळू लेकराचं केवढं अप्रूप! उसण भरली की त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, विहिरीची जागा दाखवायला त्याला पुढं करायचं. आजींनीही नातीचं कौतुक केलं असेल. त्या कौतुकाच्या जोडीला एक गोष्ट प्रत्येक घरात ठरून जायला हवी. बाळ पायाळू असलं, विशेषतः मुलगी असली, तर जन्मानंतर सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करायची. गोळ्यातलं हाड साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात एक्स-रेत दिसू लागतं, त्याआधी तो कूर्चेचा असतो आणि एक्स-रेत नीट कळत नाही. म्हणून सोनोग्राफी. जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासून "ठीक आहे" म्हटलं होतं असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा ते खरंही असू शकतं. काही सांधे जन्माच्या दिवशी जागेवर असतात आणि पुढच्या महिन्यांत सरकतात.

दुपट्याबद्दल खोटं बोलणार नाही. बाळाचे पाय सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून घट्ट बांधले तर या सांध्याला धोका वाढतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात बाळांचे पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम काढली, आणि खुबे निखळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. तेव्हा ज्या घरात बाळ यायचंय त्यांनी एवढं करावं : छातीशी गुंडाळा, कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पडू द्या. मालिश करताना पाय ओढून सरळ करणं आणि बाळाला घोट्यांना धरून उलटं लोंबवणं, हे दोन प्रकार कायमचे बंद करा. पण तुमच्या लेकीच्या बाबतीत धोका पोटातूनच आलेला होता. आजींनी त्यांना माहीत होतं तसं मायेनं केलं. हा विषय घरात परत काढू नका, ना तुमच्याबद्दल, ना त्यांच्याबद्दल.

चूक म्हणाल तर माझी एक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी स्वतः तीन वेळा लस टोचली होती. चौथ्या वर्षी तिची आई तिला "लंगडते" म्हणून घेऊन आली. दोन्ही खुबे बाहेर. तिन्ही वेळा तिच्या मांड्या उघडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यानंतर माझ्यापुढच्या टेबलावरून एकही बाळ मी मांड्या तपासल्याशिवाय खाली उतरवलं नाही. तुमच्या त्या नर्सताईंना भेटाल तेव्हा माझा नमस्कार सांगा. वीस महिन्यांत सापडलं ते त्यांच्यामुळे.

इतर आयांसाठी दोन खुणा. बाळाला उताणं झोपवून गुडघे दुमडा, पावलं खाली टेकवा. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसला, किंवा लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नसली, तर डॉक्टरांना दाखवा. मांडीवरच्या घड्या कमीजास्त असणं एवढ्यानंच काही ठरत नाही, पुष्कळ निरोगी बाळांच्या तशा असतात. दोन्ही बाजूंचे खुबे सरकलेले असले तर फरक दिसत नाही, चालायला लागल्यावर मात्र चाल बदकासारखी डुलते.

तुमच्यापुढचे रस्ते आता एकेक बघू.

पट्ट्यांचा उपचार तुम्ही वाचलाय तो खरा आहे आणि चांगला आहे. पावलिक नावाच्या चेक डॉक्टरांनी तो काढला. पण तो साधारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी असतो. बाळ पाय मारत राहतं आणि पट्टे ते पाय अशा कोनात धरतात की गोळा आपण होऊन वाटीत जाऊन बसतो. तुमची लेक उभी राहिली, चालली, स्नायू आखडले. आता पट्ट्यांच्या मागे लागून महिने घालवू नका.

हाडवैद्य. मुरगळलेल्या पायावर लेप लावून देणाऱ्या माणसाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इथं गोळ्याच्या वाटेत चरबी, आखडलेलं आवरण आणि ताठ झालेली स्नायूची दोरी आडवी आलेली आहे. बाहेरून ओढून ती बाजूला होत नाही. जोर लावला तर गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या दुखावतात, आणि या आजारात सगळ्यांत जपायचं ते त्या नळ्यांनाच. आजींना दुखवू नका, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर एक्स-रे लावायला सांगा. उजवा गोळा कुठं आहे आणि डावा कुठं, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे.

पाचव्या वर्षापर्यंत थांबणं. यजमानांचा विचार मायेचाच आहे, मोठी झाली की समजावून सांगता येईल असं त्यांना वाटतं. पण वाटी नव्यानं घडण्याची ताकद पहिल्या चारेक वर्षांत सगळ्यांत जास्त असते आणि आठव्या वर्षापुढे फार थोडी उरते. पाचव्या वर्षी गोळा बसवला तर त्याला उखळ घडवायला दिवसच कमी मिळतात. गोळा आणखी वर गेलेला असतो, तो खाली आणायला मांडीचं हाड कापून थोडं तोकडं करावं लागण्याची शक्यता वाढते, सांधा आखडण्याचा आणि रक्तपुरवठा बिघडण्याचा धोकाही वाढतो. समजावण्याचं म्हणाल, तर मी पाहिलेली बहुतेक लहान लेकरं प्लास्टरला मोठ्यांपेक्षा लवकर सरावली.

थांबणं आणि थांबणं यात मात्र फरक आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला तीन-चार आठवडे गेले तर काही बिघडत नाही. मध्ये कडक उन्हाळा आला असेल तर महिना-दीड महिना पुढं ढकलता येईल का, हेही विचारा. आपल्याकडच्या मे महिन्यात छातीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये लेकरू ठेवणं काय असतं ते इथल्या डॉक्टरांना माहीत आहे. "पुढच्या दिवाळीला बघू" हे मात्र नको.

राहिलं ऑपरेशन. भूल दिल्यावर डॉक्टर आधी सांध्यात औषध सोडून गोळा बाहेरूनच बसतोय का ते बघू शकतात. दीड वर्षाच्या आत ते बऱ्याचदा जमतं, तुमच्या लेकीच्या वयात कमी. तुमच्या बाबतीत तसा प्रयत्न करणार का, हे जरूर विचारा. नाही जमलं तर जांघेजवळ छेद घेऊन वाटेतला अडथळा काढतात, गोळा बसवतात, आवरण आवळून शिवतात. वाटीचं छप्पर फार उतरतं असेल तर वरचं हाड कापून, वळवून ते गोळ्यावर आणतात. फटीत तिचंच हाड पाचरीसारखं बसवतात. ही पद्धत टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ साली मांडली. व्रण कपड्याखाली झाकला जातो.

आता यजमानांचा प्रश्न. वीस वर्षांनी काय?

सॉल्टर यांच्याच हॉस्पिटलनं १९५८ ते १९६५ मध्ये असं ऑपरेशन झालेल्या मुलांना शोधून काढून ४५ वर्षांनंतरचा हिशेब २००७ साली छापला. ऑपरेशनच्या वेळी ती मुलं दीड ते पाच वर्षांची होती, म्हणजे तुमच्या लेकीसारखी उशिरा सापडलेली. तीस वर्षांनंतर शंभरातले ९९ सांधे टिकून होते, कृत्रिम सांधा बसवावा लागला नव्हता. चाळीस वर्षांनंतर ८६. पंचेचाळीस वर्षांनंतर ५४. हे आकडे मी घरात सांगितले तर कुणी ५४वर बोट ठेवील. मी ९९वर ठेवते. त्या मुलांनी शाळा, नोकरी, संसार आपल्या पायांवर केला, आणि पन्नाशीच्या आसपास निम्म्यांना दुसरा सांधा लागला. ही गॅरंटी नव्हे. तुमच्या लेकीचा आकडा काय असेल हे तिचा सांधा पुढच्या वर्षांत सांगत जाईल.

तो कसा सांगतो ते लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर लगेच कळतं की गोळा वाटीच्या तळाशी नीट बसलाय का. प्लास्टरमधून साध्या एक्स-रेत हे नेहमी स्पष्ट होत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी सीटी किंवा एमआरआय करून खात्री करतात.

पहिल्या वर्षात कळतं की गोळ्याचा रक्तपुरवठा ठीक आहे का. गोळ्यातलं हाड एक्स-रेत वाढताना दिसायला हवं. वर्षभर ते वाढलंच नाही, किंवा तुकडे पडल्यासारखं दिसलं, तर रक्तपुरवठा दुखावलाय असं समजतात. पुढच्या निकालावर सगळ्यांत जास्त परिणाम याच गोष्टीचा होतो. ऑपरेशनच्या वेळचं वय, गोळा किती वर गेला होता आणि आधी एखादा प्रयत्न फसलाय का, हेही त्यात मोजतात.

पुढची चार-पाच वर्षं बघायचं ते छप्पर. पत्र्याच्या घराचा उतार जसा मोजावा तसा डॉक्टर वाटीच्या छपराचा उतार अंशांत मोजतात. निरोगी बाळात जन्मतः तो साधारण ३० अंशांच्या आत असतो आणि दोन वर्षांच्या सुमारास विशीच्या आसपास येतो. तुमच्या लेकीचा आकडा आज मोठा असेल. त्या एका आकड्यावर रडू नका. तो दर वर्षी उतरतोय का, हे बघा. पस्तिसावरून तीस, तिसावरून सव्वीस असा चालला असेल तर उखळ घडतंय. वर्ष-दोन वर्षं एकाच जागी अडकला तर डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचा विषय काढतील, बहुधा शाळेत जायच्या आगेमागे. तेव्हा "पहिलं फसलं" असं कुणी म्हणायला नको. सांध्यानं वेळेवर सांगितलं आणि आपण वेळेवर ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. पाचव्या वर्षानंतर आणखी एक कोन मोजतात : छप्पर गोळ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत किती येतं. मोठेपणी तो २५ अंशांच्या वर असला तर उत्तम, विसाच्या खाली असला तर छप्पर कमी पडतं.

आणि एक टप्पा असा आहे जिथं पुष्कळ घरं फसतात. मुलगी आठ-दहा वर्षांची होते, छान पळते, एक्स-रेही चांगले येत असतात, म्हणून आईबाप दाखवायला जायचं सोडून देतात. रक्तपुरवठ्याला झालेली एक प्रकारची इजा मात्र त्याच वयात उघडी पडते. गोळ्याखालच्या वाढीच्या पट्टीची बाहेरची कड थांबते आणि गोळा वाकडा वाढू लागतो. ते वेळेत दिसलं तर उपाय असतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलीच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत, दाखवत राहायचं. तेव्हाच्या एक्स-रेवर जी प्रतवारी लावतात ती सेव्हरिन या स्वीडिश डॉक्टरांनी १९४१ साली घालून दिली, आजही तीच चालते. वीस वर्षांनी काय, याचं खरंखुरं उत्तर त्या दिवशी मिळेल. आज तुमच्या यजमानांनी विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे : "पुढच्या वर्षी या दिवशी काय दिसलं तर बरं चाललंय असं समजू?" याचं उत्तर कुठलाही चांगला डॉक्टर देईल.

त्यासाठी एक फाइल करा. प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक कागद, तारखेसकट. एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी जुना एक्स-रे नव्याशेजारी लावता आला पाहिजे. एकटा एक्स-रे फार थोडं सांगतो.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका : अशी ऑपरेशनं ते स्वतः नेहमी करतात का, मांडीचं हाड कापावं लागेल का, प्लास्टर किती आठवडे आणि मध्ये बदलणार का, नंतर पट्टा लागेल का, आत तारा घातल्या तर त्या कधी काढणार, आणि रात्री प्लास्टरचा त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. "नेहमी करता का" हा प्रश्न उद्धट नाही. हे ऑपरेशन मोठ्या माणसांची मोडलेली हाडं बसवण्यापेक्षा वेगळं आहे, आणि पहिल्याच वेळी नीट होणं फार मोलाचं असतं.

पैशाचं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत खुब्याचा हा आजार आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे, आणि त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंना नाहीतर आशाताईंना गाठा, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळीकडे हाडांचे विभाग आहेत. लहान मुलांचे खुबे कोण करतं, नसेल तर कुठं पाठवता, एवढं तिथं विचारून घ्या. मुंबईला परळच्या बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटलात फक्त मुलांचं बघतात. आणि ज्या घरांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांना हात जोडून सांगते : पथक गावात येतं तेव्हा तुमचं लेकरू कोपीवर असतं. जाण्याआधी आणि आल्यावर त्याला एकदा आरोग्य केंद्रात दाखवून घ्या, लंगडत असेल तर तिथंही थांबू नका.

प्लास्टरचे दिवस, साधारण सहा ते बारा आठवडे, हे आईचे दिवस असतात. मधल्या मोकळ्या जागेत छोटा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा आणि त्यावरून मोठा बांधायचा. कडांना चिकटपट्टी लावून घ्या. डोक्याची बाजू थोडी उंच ठेवा, म्हणजे लघवी पाठीकडे झिरपत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, टाचांखाली गोधडीची घडी द्या. दोन पायांमध्ये आडवी काठी असेल तर तिला धरून कधीही उचलू नका. आत खाजवायला पट्टी किंवा सुई घालायची नाही, पावडर टाकायची नाही. पोटाशी प्लास्टर असतं, तेव्हा एका वेळी थोडं आणि पुन्हा पुन्हा भरवा. हालचाल नसल्यानं पोट जड होतं, मऊ वरणभात, पपई, मोसंबी, पाणी भरपूर. बोटं रोज सकाळ-संध्याकाळ बघा. गुलाबी, ऊबदार, हलती हवीत. ती निळी पडली, गार किंवा सुजलेली वाटली, हलेनाशी झाली, प्लास्टरमधून घाण वास आला, ताप चढला, पोट फुगून उलट्या लागल्या किंवा रडणं थांबेचना, तर सकाळची वाट बघू नका. आणि भेटायला येऊन दारातच "अरेरे" म्हणणाऱ्यांना ओसरीवरच चहा द्या. लेकरापर्यंत गोष्ट सांगणारी, गाणं म्हणणारी माणसंच जाऊ देत.

प्लास्टर निघाल्यावर ती लगेच धावणार नाही. सांधा आखडलेला असतो, पायावर भार द्यायला ती घाबरेल, काही महिने थोडी लंगडेलही. जबरदस्तीनं पाय ओढू नका, मालिशवालीलाही ओढू देऊ नका. खेळूनच सुटतं ते.

आजींसाठी दोन शब्द. आजी, नातीच्या लग्नाची काळजी तुम्ही मायेपोटी करता. पण खुबा तिला त्याच्या कितीतरी आधी लागणार आहे. शाळेच्या रस्त्याला, एसटीच्या उंच पायरीला, कॉलेजच्या जिन्याला, तुमच्याच शेतातल्या बांधावर. ते चालणं तिला मिळू द्या. अशा ऑपरेशननंतर मुलींची बाळंतपणं होतात. तेव्हा डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढंच.

पुढच्या बाळाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. एका मुलाला हा आजार असेल तर पाठच्या भावंडाला असण्याची शक्यता शंभरात सहाच्या आसपास असते. घाबरण्याइतकी नाही, पण सहाव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवण्याइतकी कमीही नाही. या वेळी सापडलं तर कदाचित पट्ट्यांवरच भागेल.

आणि तुमची शेवटची ओळ. घ्या, खुशाल कडेवर घ्या. कडेवर बसलेल्या लेकराच्या मांड्या फाकतात, आणि या सांध्याला तसंच बसणं मानवतं. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तर घ्याच. प्लास्टरमध्येही बहुतेक लेकरं कडेवर येतात. प्लास्टर जड असतं, म्हणून एक हात पाठीशी आणि एक खालून, दोन्ही मांड्यांना आधार देऊन उचला. पहिल्यांदा हॉस्पिटलमधून निघण्याआधी नर्ससमोर करून बघा, आणि यजमानांनाही उचलायला लावा.